कशावरून?
बीजगणिताला भिणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी

सहामाही परीक्षेचे पेपर हातात पडले, की आमच्या वस्तीतल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात दोन-तीन दिवस शुकशुकाट असतो. ज्यांना गुण कमी पडले ती मुले तोंड चुकवतात. गेल्या वर्षी दहावीतला एक मुलगा असाच चार दिवस फिरकला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील रात्रपाळीला निघण्याच्या तयारीत होते, आई भाकरी थापत होती. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "सर, मी बीजगणितात नापास झालो. म्हणजे गणित माझ्या डोक्यात शिरणारच नाही. मी आता येत नाही."

आईने सुस्कारा टाकला. "आमच्या घराण्यात कोणालाच गणित येत नाही हो. त्याचा तरी काय दोष?"

ही दोन वाक्ये आम्ही कितीतरी घरांत ऐकली आहेत. वाचकहो, तुमच्याही घरात ती कधी ना कधी उच्चारली गेली असतील. त्या दोन्ही वाक्यांत चूक आहे. ती चूक गणितातलीच आहे, आणि नेमके सांगायचे तर तर्कातली आहे. ती कोणती, हे आम्ही लेखाच्या शेवटी सांगू, कारण ती पकडायला आधी थोडे बीजगणित आणि थोडा तर्क हाताशी असावा लागतो. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन बसा. आईवडिलांनीही बसावे. शाळा किती झाली आहे, याचा येथे संबंध नाही.

भाकरी थापता थापता सोडवलेले समीकरण

त्या दिवशी आम्ही मुलाला काही विचारले नाही. आईला विचारले, "ताई, दुकानातून दोन किलो तांदूळ आणले आणि वीस रुपयांचे मीठ आणले. मिळून एकशेवीस रुपये झाले. तांदूळ किलोला काय भावाने पडला?"

ताईंनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "पन्नास."

"कसे काढले?"

"मिठाचे वीस बाजूला काढले, राहिले शंभर. दोन किलोचे शंभर, मग एका किलोचे पन्नास."

आम्ही मुलाची वही घेतली आणि त्याच्या आईने तोंडाने सांगितले ते लिहून काढले. तांदळाच्या एका किलोचा भाव ठाऊक नाही, म्हणून त्याला 'क्ष' म्हटले. आजच्या पुस्तकांत तेथे इंग्रजी एक्स छापलेला असतो, अर्थ तोच.

२क्ष + २० = १२०
२क्ष = १००
क्ष = ५०

आईची तीन वाक्ये, वहीतल्या तीन ओळी. मुलगा एकदा वहीकडे आणि एकदा आईकडे पाहत राहिला.

यात काही नवल नाही. बीजगणित जन्मले तेच मुळी शब्दांत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी नावाचे विद्वान होऊन गेले. त्यांच्या ग्रंथाच्या नावात 'अल-जब्र' हा शब्द होता, आणि त्यावरूनच इंग्रजीतला 'अल्जिब्रा' आला. जब्र म्हणजे मोडलेले पूर्ववत करणे. मोडलेले हाड बसवण्यालाही अरबीत हाच शब्द आहे. वजा झालेले भरून काढायचे आणि दोन्ही बाजू नीट करायच्या, अशी ती रीत. वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार, जमिनीची मोजणी यांसाठी ती उपयोगी पडावी, हा त्यांचा हेतू होता. त्या ग्रंथात ना क्ष होता ना बरोबरचे चिन्ह. सारे गणित शब्दांत लिहिलेले होते.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणित' हा ग्रंथ लिहिला. त्या परंपरेत ठाऊक नसलेल्या संख्येला 'यावत्तावत्' म्हणत. एकाहून अधिक अज्ञात संख्या असल्या तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. क्ष काय, य काय, आणि काळा-निळा-पिवळा काय! ठाऊक नसलेल्या संख्येला हाक मारायला ते एक नाव आहे, एवढेच.

अक्षर म्हणजे वस्तू नव्हे

येथे एक खड्डा आहे. पुष्कळ मुले समजतात, क्ष म्हणजे तांदूळ. नाही. क्ष म्हणजे एक किलो तांदळाची रुपयांतली किंमत. अक्षर नेहमी संख्येच्या जागी उभे असते, वस्तूच्या नव्हे.

हा खड्डा किती फसवा आहे ते पाहा. १९८१ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक साधी गोष्ट समीकरणात लिहायला सांगितली होती: 'या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.' विद्यार्थ्यांच्या संख्येला 'व' म्हणू आणि प्राध्यापकांच्या संख्येला 'प'. तिघांपैकी एकाहून अधिक मुले चुकली, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी ६व = प असे लिहिले. 'सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक' असे ते वाचत होते, म्हणजे अक्षराला माणूस समजत होते.

आता संख्या घालून पाहू. प्राध्यापक १० असतील तर विद्यार्थी ६० हवेत. ६ × ६० = १० हे खरे आहे का? मुळीच नाही. म्हणून खरे समीकरण आहे व = ६प. इंजिनिअर होऊ घातलेली मुले येथे घसरतात, तर आपले मूल घसरले म्हणून त्याला 'ढ' म्हणण्याचे कारण नाही. खड्डा कोठे आहे, ते दाखवा म्हणजे झाले.

बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजू

बरोबरचे '=' हे चिन्ह १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी वापरात आणले. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या वस्तू नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी, कारण मुले या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिही' असा घेतात. पाच आणि तीन मिळवून त्याची दुप्पट करायची असेल, तर वहीत लिहितात: ५ + ३ = ८ × २ = १६. ही ओळ नीट वाचा. ५ + ३ म्हणजे १६, असे ती सांगते! बरोबरचे चिन्ह म्हणजे भाजीवाल्याचा तराजू. डाव्या पारड्यात जेवढे, तेवढेच उजव्या पारड्यात असले पाहिजे.

तराजू डोळ्यांपुढे ठेवला की 'पक्षांतर' म्हणजे काय ते उमगते. शाळेत मुले पाठ करतात: 'इकडचे तिकडे गेले की चिन्ह बदलते.' का बदलते, हे कोणी विचारत नाही. आमच्या लहानपणी आम्ही एकदा विचारले होते. उत्तर मिळाले, "असेच असते, पाठ कर." खरे कारण इतके सोपे आहे, की लपवण्यासारखे त्यात काही नाही. २क्ष + २० = १२० मधले वीस उडी मारून पलीकडे जात नाहीत. आपण दोन्ही पारड्यांतून वीस-वीस काढतो. डावीकडचे वीस संपतात, उजवीकडे १२० − २० उरतात. वरवर पाहणाऱ्याला वाटते, की अधिक वीस पलीकडे जाऊन उणे वीस झाले.

कारण न कळता नुसते पाठ केले तर काय होते? त्या मुलाच्या पेपरात याच जातीचे गणित होते. २क्ष = १०० पर्यंत तो बरोबर आला होता. पुढे त्याने लिहिले: क्ष = १०० − २ = ९८. दोन पलीकडे गेले, चिन्ह बदलले! पण येथे दोन आणि क्ष यांची बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन किलोचे शंभर आहेत, तर दोन्ही पारडी निम्मी करायची. आम्ही त्याला विचारले, "तांदूळ ९८ रुपये किलो असेल, तर दोन किलोचे किती?" तो म्हणाला, "१९६." "आणि मीठ धरून?" "२१६." तो स्वतःच हसला. दुकानदाराला तर आपण १२० दिले होते.

यालाच जुनी माणसे ताळा करणे म्हणत. समीकरण सुटले की क्षच्या जागी उत्तर घालून दोन्ही बाजू जुळतात का ते पाहायचे. अर्धा मिनिट लागतो, आणि या जातीची चूक तेथल्या तेथे सापडते.

उणे गुणिले उणे: अधिक कसे?

सातव्या शतकात, ६२८ साली, ब्रह्मगुप्तांनी धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले. धन म्हणजे जवळ असलेला पैसा, ऋण म्हणजे कर्ज. मुलांना ही भाषा चटकन कळते, कारण वाण्याची उधारी कोणाला ठाऊक नाही?

दोन रुपयांच्या तीन उधाऱ्या झाल्या, म्हणजे आपण सहा रुपयांनी खाली गेलो: ३ × (−२) = −६. आता वाण्याने चोपडीतून दोन रुपयांच्या तीन उधाऱ्या खोडल्या. आपण सहा रुपयांनी वर आलो: (−३) × (−२) = +६. कर्ज खोडणे हे कमाईसारखेच.

ज्याला हिशेबाची पक्की खात्री हवी, त्याने ही उतरंड वहीत लिहावी:

३ × (−२) = −६
२ × (−२) = −४
१ × (−२) = −२
० × (−२) = ०

प्रत्येक पायरीला उत्तर दोनाने वाढते आहे. पुढची पायरी (−१) × (−२). उत्तर पुन्हा दोनाने वाढले पाहिजे, म्हणजे +२. तेथे −२ लिहिले तर उतरंड मोडते. नियम आकाशातून पडलेला नाही. आधीचे सारे नियम टिकवायचे असतील, तर हाच नियम ठेवावा लागतो.

खोलीची फरशी मोजून पाहा

(अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असे लिहिणारी मुले वर्गागणिक सापडतात. त्यांना रागावू नका. सात फूट लांब आणि सात फूट रुंद खोली घ्या. फरशी ७ × ७ = ४९ चौरस फूट. सातचे भाग पाडा: ३ + ४. आता मुलाच्या रीतीने ३ × ३ = ९ आणि ४ × ४ = १६, मिळून २५. मग उरलेली २४ चौरस फूट फरशी गेली कोठे?

खडूने जमिनीवर चौकोन काढा. तीन फुटांवर एक उभी आणि एक आडवी रेघ मारा. चार तुकडे दिसतील: एक ३ × ३ चा, एक ४ × ४ चा, आणि कोपऱ्यांत ३ × ४ चे दोन. ते दोन तुकडे बारा-बारा चौरस फुटांचे, मिळून २४. हरवलेली फरशी सापडली! पुस्तकातल्या सूत्रात मधले '२अब' म्हणतात ते हेच दोन तुकडे. एकदा जमिनीवर पाहिले की ते पद पुन्हा गळत नाही.

जर आणि तर

आता तर्काकडे वळू. गणितात जर–तरची वाक्ये पावलोपावली येतात, आणि सगळ्यात जास्त गफलतही तेथेच होते.

'जर पाऊस पडला, तर अंगण ओले होते.' हे खरे धरू. आता सकाळी उठून पाहिले, अंगण ओले आहे. पाऊस पडला, असे म्हणता येईल का? नाही. नळावरून येताना कोणाची कळशी हिंदकळली असेल, कोणी सडा टाकला असेल. जर आणि तर यांची अदलाबदल केली की जे वाक्य होते, त्याला व्यत्यास म्हणतात. मूळ वाक्य खरे असले म्हणून व्यत्यास खरा असतोच असे नाही. तो वेगळा सिद्ध करावा लागतो.

पण याच वाक्यातून एक गोष्ट खात्रीने निघते: अंगण कोरडे आहे, तर पाऊस पडलेला नाही. कारण पडला असता तर ओले झाले असते. दोन्ही टोकांना 'नाही' लावून उलटे केलेले वाक्य मूळ वाक्याइतकेच खरे असते.

भारतीय तर्कशास्त्रात यासाठी धूर आणि आग यांचे उदाहरण शतकानुशतके देत आले आहेत. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी हेतू खरा कोणता आणि खोटा कोणता, याचा कसून विचार केला. डोंगरावर धूर दिसला तर तेथे आग आहे, हे म्हणता येते. पण आग आहे म्हणून धूर असेलच, असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो.

हेच आकड्यांत पाहा. 'संख्येला ४ ने भाग जात असेल, तर २ नेही जातो.' खरे. व्यत्यास: '२ ने भाग जात असेल, तर ४ नेही जातो.' ६ घेऊन पाहा. दोनने जातो, चारने जात नाही. खेळ संपला. दहा उदाहरणे जुळली तरी विधान सिद्ध होत नाही, पण न जुळणारे एकच उदाहरण ते पाडायला पुरते. त्याला प्रतिउदाहरण म्हणतात.

'सगळे' या शब्दाचेही तसेच. कोणी म्हणाले, 'या चाळीत सगळ्या घरांत नळ आहे.' हे खोटे ठरवायला एकाही घरात नळ नाही असे दाखवावे लागत नाही. एक कोरडे घर दाखवले की पुरे.

एक गुण कोठे गेला?

त्या मुलाच्या पेपरात आणखी एक गणित होते: एका संख्येचा वर्ग त्या संख्येच्या पाचपट आहे, तर ती संख्या कोणती? त्याने लिहिले:

क्ष × क्ष = ५ × क्ष

आणि दोन्हीकडचा एकेक क्ष खोडून लिहिले, क्ष = ५. ताळाही जुळला: २५ = २५. तरी गुण कापले. का? कारण आणखी एक उत्तर होते: शून्य. ० × ० = ५ × ०. तेही जुळते.

क्ष खोडणे म्हणजे दोन्ही बाजूंना क्षने भागणे. पण क्ष शून्य असेल तर? शून्याने भागता येत नाही. १२ ला ३ ने भागले तर ४, कारण ३ × ४ = १२. मग १२ ला शून्याने भागले तर? शून्याला कशाने गुणले म्हणजे बारा होतील? अशी संख्याच नाही. म्हणून भागण्यापूर्वी विचारायचे, 'ज्याने भागतो आहे ते शून्य नाही, कशावरून?' येथे ते सांगता येत नव्हते. बरोबर रीत अशी, की सगळे एका बाजूला घ्यावे:

क्ष × (क्ष − ५) = ०

दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांपैकी निदान एक शून्य असलीच पाहिजे. म्हणून क्ष = ० किंवा क्ष = ५. हे 'किंवा' नीट पाहा. बीजगणिताच्या मधोमध तो तर्काचा शब्द येऊन बसला आहे. दोन्ही विषय एकच आहेत, ते असे.

जोडे शिवणाऱ्याचा मुलगा

हे दोन विषय एक आहेत, हे जगापुढे ठसठशीतपणे मांडणारा माणूस कोण होता? जॉर्ज बूल. इंग्लंडमधल्या लिंकन गावी १८१५ साली त्यांचा जन्म झाला. वडील जोडे शिवत. वडिलांना विज्ञानाचा नाद होता, पण धंदा बसला. सोळाव्या वर्षी घर चालवण्यासाठी मुलगा शाळेत मदतनीस शिक्षक झाला. विद्यापीठाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. भाषा आणि वरचे गणित बहुतांशी स्वतः पुस्तके वाचून शिकले. तरी १८४९ साली आयर्लंडमधल्या कॉर्क येथील नव्या कॉलेजात ते गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. १८५४ साली त्यांनी विचारांच्या नियमांवर मोठा ग्रंथ लिहिला.

त्यांची कल्पना अशी. वस्तीतल्या सगळ्या मुलांतून 'दहावीतली मुले' निवडा. या निवडीला क्ष म्हणा. निवडलेल्यांतून पुन्हा दहावीतलीच मुले निवडा. काय फरक पडला? काहीच नाही. एकामागून एक केलेल्या निवडी म्हणजे गुणाकार, असे धरले तर

क्ष × क्ष = क्ष

आता हे समीकरण साध्या संख्यांसाठी सोडवा. दहावीचा विद्यार्थी ते सोडवू शकतो: क्ष × (क्ष − १) = ०, म्हणून क्ष = ० किंवा क्ष = १. फक्त शून्य आणि एक. बूल यांनी शून्याचा अर्थ घेतला 'काहीच नाही', एकाचा अर्थ घेतला 'सगळे'. क्षने घाईघाईने भागले असते, तर शून्य हातातून निसटला असता आणि नुसता एक उरला असता. आपल्या मुलाचा जो गुण गेला, तो याच शून्याचा!

पुढे १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दाखवले, की विजेच्या बटणांची जोडणी बूल यांच्याच गणिताने मांडता येते. आपल्या घरातच पाहा. मेन स्विच चालू असेल 'आणि' बल्बचे बटण चालू असेल, तरच बल्ब लागतो. पुढच्या दाराचे बटण दाबा 'किंवा' मागच्या दाराचे, एकच घंटा वाजते. दोन्ही दाबली तरी वाजते. गणितातला 'किंवा' असाच असतो. दोन्ही खरे असले तरी त्याला चालते. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. आज खिशातल्या मोबाइलमध्ये असंख्य बारीक बटणे हेच 'आणि', 'किंवा', 'नाही' करीत असतात.

आता ती दोन वाक्ये

मुलगा म्हणाला होता, "मी नापास झालो, म्हणजे गणित माझ्या डोक्यात शिरणार नाही." तपासू या. 'ज्याच्या डोक्यात गणित शिरतच नाही, तो नापास होतो' हे घटकाभर खरे धरा. त्यावरून 'जो नापास झाला, त्याच्या डोक्यात गणित शिरत नाही' हे निघते का? हा तर व्यत्यास झाला! अंगण ओले आहे म्हणून पाऊसच पडला, म्हणण्यासारखे. नापास होण्याला दुसरी कारणे असू शकतात. त्याच्या पेपरात ती आम्ही लाल शाईखाली बोट ठेवून दाखवली: तराजू न समजता केलेले पक्षांतर, फरशीचे गळालेले दोन तुकडे, खोडलेला शून्य. तीन ठिकाणच्या तीन चुका, आणि तिन्ही दुरुस्त होण्यासारख्या.

आईचे वाक्य होते, "आमच्या घराण्यात कोणालाच गणित येत नाही." हे 'सगळ्यां'बद्दलचे विधान. ते पाडायला एक प्रतिउदाहरण पुरे. ते चुलीपुढे बसले होते. त्यांनी भाकरी उलटता उलटता २क्ष + २० = १२० सोडवले होते. आम्ही हे बोललो तेव्हा ताई ओशाळल्यासारख्या हसल्या. वडील मात्र दारात थांबले, डबा खाली ठेवला आणि मुलाला म्हणाले, "उद्यापासून जायचे."

घरात विचारायचे तीन प्रश्न

पालकांनो, मुलाला गणित शिकवायला तुम्हाला स्वतः दहावीचे गणित यायला हवे, असे नाही. रोज पंधरा मिनिटे त्याच्याजवळ बसा आणि तीनच प्रश्न विचारा.

पहिला: 'कशावरून?' वहीतल्या कोणत्याही ओळीवर बोट ठेवा आणि विचारा, ही ओळ वरच्या ओळीवरून कशी आली. 'सरांनी सांगितले म्हणून' किंवा 'असेच असते' हे उत्तर चालवून घेऊ नका. 'दोन्ही बाजूंतून वीस काढले' असे उत्तर आले, तर ते कारण आहे.

दुसरा: 'ताळा केलास का?' उत्तर पुन्हा समीकरणात घालून तोंडी म्हणायला लावा. तांदूळ ९८ रुपये निघाला, तर तो तुमच्याही लक्षात येईल.

तिसरा: 'उलटेही खरे आहे का?' भूमितीच्या प्रमेयापाशी, विभाज्यतेच्या कसोटीपाशी हा प्रश्न विचारा. खोटे असेल तर एक प्रतिउदाहरण शोधून आणायला सांगा. मुलांना हा खेळ आवडतो.

आणि विद्यार्थी मित्रहो, हे प्रश्न घरच्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. स्वतःला विचारा, आणि वर्गात नम्रपणे शिक्षकांनाही विचारा. गणित हा असा विषय आहे, की त्यात मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही खरे ठरत नाही आणि लहान माणसाने सांगितले म्हणून खोटे ठरत नाही. कारण काय, एवढेच तेथे चालते.

तो मुलगा सोमवारी पुन्हा वर्गात आला. आठवडाभराने आम्ही फळ्यावर एक उदाहरण सोडवत होतो. घाईत एक पायरी गाळली. मागच्या ओळीतून हात वर झाला.

"सर, ही ओळ कशावरून आली?"

आम्ही खडू थांबवला, फळ्याकडे पाहिले, आणि गाळलेली पायरी लिहिली.